चौथ्या दिवशी ‘पॉझिटिव्ह’! माझे २७,६९९ असे गेले

नाव न देता लिहितेय. लाज वाटते म्हणून, दुसरं काही नाही.

आकडे आधीच सांगते. नोंदणी ४९९. पावडर-तेलाचा संच ७,८००. ‘गर्भ टिकवण्याचा’ कोर्स १२,५००. शेवटी ‘शुद्धीकरण’ ६,९००. एकूण २७,६९९.

दिवस राहावेत म्हणून पुड्या विकणारा तो ग्रुप, रोजचे बाळांचे फोटो, “ताई, शेवटचे तीनच संच उरलेत” हे सगळं तुम्हाला पाठ असेल. माझी ट्यूब कुठे पेटायला हवी होती तेवढं लिहिते.

त्यांच्या ‘मॅडम’चा हिशेब असा: पाळीपासून चौदाव्या दिवशी बीज सुटतं, अठराव्या दिवशी टेस्ट करा. किट मात्र आमचंच, कारण “बाजारातल्या किटला उशिरा कळतं.” केली टेस्ट. दोन रेषा, ठळक गुलाबी. पहाटे पाचला बाथरूमच्या फरशीवर बसून रडले आणि सासूबाईंना झोपेतून उठवून सांगितलं. दुपारी १२,५०० भरले.

आता बघा. माझी पाळी बत्तीस-तेहतीस दिवसांनी येते. बीज सुटतं ते पुढच्या पाळीच्या साधारण चौदा दिवस आधी, म्हणजे मोजायचं मागून. माझं सुटणार अठराव्या-एकोणिसाव्या दिवशी. सासूबाईंना उठवलं तेव्हा ते अंडाशयातून बाहेर तरी पडलं होतं का, देव जाणे! बरं, चौदाव्यालाच सुटलं असं धरा. शुक्रजंतू त्याला गाठतो बीजवाहिनीत. तिथून गर्भाशयात उतरायला तीन-चार दिवस, आणि अस्तरात रुजायला बीज सुटल्यापासून साधारण सहा ते दहा दिवस. किटला जे एचसीजी नावाचं गर्भारपणाचं संप्रेरक लागतं ते लघवीत येतं रुजल्यानंतर. चौथ्या दिवशी कुठलंही किट काहीही सांगू शकत नाही.

आणि मी कामाला कुठे? हिशेब तपासनीस. दुसऱ्यांच्या पावतीवरची तारीख एक दिवस पुढेमागे झाली तरी पकडते. पण शाळेत तो धडा बाईंनी “घरी वाचा” म्हणून सोडला, घरी कोण वाचणार? आणि तीन वर्षं वाट पाहिलेल्या बाईला दोन रेषा दाखवल्या की ती दिवस मोजत बसत नाही. मोजून बघा म्हणजे कळेल.

नवऱ्याबद्दल त्यांनी एका शब्दाने विचारलं नाही. मूल न होण्याचं कारण पुरुषाकडेही तितकंच सर्रास असतं, वीर्यतपासणी साधी असते. पुरुषाची तपासणी न विचारता बाईला पुड्या देणाऱ्याचा नंबर तिथेच उडवा.

‘मुलगाच हवा’ असेल तर वेगळी पुडी होती. ती घेतली नाही, एवढीच अक्कल शाबूत. शुक्रजंतूत एक्स गुणसूत्र आहे की वाय यावर मुलगा की मुलगी ते ठरतं, बीजाला भेटतो त्या क्षणीच. पुडी काय करणार?

‘दिवस राहिले नाहीत तर पैसे परत’ याला तर मुळीच भुलू नका. तरुण, निरोगी जोडप्यात काही न घेताही दर महिन्याला चारात एकीच्या आसपास शक्यता असतेच. तिचा फोटो ग्रुपवर, बाकीच्या तिघी ब्लॉक.

तेहतिसाव्या दिवशी पाळी आली. “गर्भ गळाला ताई, जड काही उचललं असेल.” उचललं होतं! पाण्याची बादली. त्या बादलीपायी ६,९०० भरले.

मग तक्रार. बँक म्हणाली, तुम्ही स्वतःच पाठवलेत, ही फसवणूक नव्हे. औषधांचं बघणाऱ्या कार्यालयात म्हणाले, हा पूरक आहार आहे, औषध नाही, आमच्याकडे येत नाही. आहारवाले म्हणाले, गर्भ राहील असा दावा आहे ना, मग औषधवाल्यांकडे जा. ऑनलाइन अर्जात प्रकार निवडायचा होता: लॉटरी, नोकरी, कर्ज, लग्न. ‘इतर’ निवडलं की पान अडकतं. चौकीवर साहेबांनी सगळ्यांदेखत विचारलं, “म्हणजे चोरीला नेमकं काय गेलं, बाई?” मागे दोघं हसले. कागद घेतला, शिक्का नाही.

किटच्या डब्यात तीन पट्ट्या उरल्या होत्या. एक घरी नळाच्या पाण्यात बुडवली होती: दोन रेषा. दुसरी साहेबांसमोर, त्यांच्याच ग्लासातल्या पाण्यात बुडवली. दोन रेषा. साहेब बघत राहिले, मग म्हणाले, “टेबल पुसून घ्या.”

तिसरी पट्टी जपून ठेवलीय.