पेठेत फ्लॅट घ्यावा की कोथरूडला?

मुलं बाहेर गेली, उपनगरातला मोठा फ्लॅट अंगावर यायला लागला, की पुण्यातली मंडळी "आता जरा गावात राहू", म्हणजे शहराच्या मध्याजवळ, म्हणतात आणि दोन नावांवर येऊन अडकतात: सदाशिव-नारायण पेठ की कोथरूड? मी नऊ वर्षं पेठेत काढली, आता कोथरूडला आहे. पक्षपात आहे, पण दोन्हीकडचा.

पेठेचं खरं सुख पायी जाण्यात आहे. भरत नाट्य मंदिर, टिळक स्मारक, भारत इतिहास संशोधक मंडळ, पुणे मराठी ग्रंथालय, सगळं चालत दहा-पंधरा मिनिटांत. त्यामुळे कार्यक्रमाला जायचं 'ठरवावं' लागत नाही. मे महिन्यात वसंत व्याख्यानमालेला आम्ही चहाचे कप विसळून, पायात चपला सरकवून निघायचो. वक्ता रटाळ निघाला तर पंधराव्या मिनिटाला घरी. पुरुषोत्तम करंडकाच्या, म्हणजे कॉलेजांच्या एकांकिका स्पर्धेच्या, दिवसांत भरतपाशी "अरे, आवाज कुणाचा!" सुरू झालं की भाजी आणायला निघालेला माणूससुद्धा पाच मिनिटं थबकतो. कोथरूडला यशवंतराव चव्हाण नाट्यगृह आहे, चांगली नाटकं लागतात. पण तिथे आम्ही बेत आखून, तिकीट काढून, गाडी काढून जातो. एवढं केल्यावर कंटाळा आला तरी शेवटपर्यंत बसतो!

आता गाडीचं. पेठेतल्या बऱ्याच इमारती जुन्या वाड्यांच्या जागी उभ्या राहिल्या. प्लॉट अरुंद आणि खोल, जिना चिंचोळा, लिफ्ट असलीच तर तिघांची. खाली स्कूटर अशा लावलेल्या की मधली काढायची तर आधी चार हलवायच्या. रस्त्यावर पी-1, पी-2, म्हणजे सम तारखेला या बाजूला, विषमला त्या. एकदा गुडघ्याचं ऑपरेशन झालेल्या आईला घेऊन आलो, तर आमच्याच फाटकासमोर, "गाडी लावल्यास हवा सोडण्यात येईल" या पाटीला टेकून कुणाची तरी गाडी उभी. आई अर्धा तास समोरच्या दुकानाच्या पायरीवर बसून होती. कोथरूड त्या दिवशी ठरलं. चारचाकी सोडायची तयारी नसेल, तर पेठेचा विचार इथेच थांबवा.

गणपतीत दहा दिवस रस्ते बंद. विसर्जनाची मिरवणूक चोवीस तासांच्या पुढे जाते आणि लक्ष्मी रस्त्याजवळ राहत असाल तर ढोलाच्या ठेक्यावर फळीवरची स्टीलची झाकणं थरथरतात. मला ते आवडायचं. हृदयविकार असलेल्या शेजाऱ्यांना नाही, ते दरवर्षी चार दिवस मुलीकडे जायचे.

कागद मात्र दोन्हीकडे बारकाईने बघा. पुण्यात शेजारशेजारच्या दोन सारख्या दिसणाऱ्या इमारतींत एक 1960च्या सहकारी संस्था कायद्याखालची सोसायटी असते, तर दुसरी 1970च्या अपार्टमेंट ओनरशिप कायद्याखालचं कंडोमिनियम, म्हणजे फ्लॅटमालकांची संघटना. सोसायटीत सेवाशुल्क सगळ्या फ्लॅटना सारखं. अपार्टमेंटमध्ये सामाईक खर्च जमीन आणि सामाईक जागेतल्या ज्याच्या-त्याच्या अविभक्त हिश्श्याप्रमाणे, म्हणजे मोठ्या फ्लॅटला जास्त. सोसायटीत जमीन संस्थेच्या नावावर, अपार्टमेंटमध्ये तुमच्या हिश्श्यासकट तुमची. पण त्यासाठी नोंदवलेलं 'डीड ऑफ अपार्टमेंट', म्हणजे फ्लॅट हिश्श्यासकट नावावर करणारा दस्त, हवा, आणि जुन्या इमारतीत बऱ्याचदा पहिल्या मालकाने ते केलेलंच नसतं. "होऊन जाईल हो" म्हणणाऱ्या एजंटाला आधी करून आणायला सांगा. शनिवारवाड्याच्या बाजूला बघत असाल तर आणखी एक: अशा केंद्र-संरक्षित वास्तूपासून 100 मीटरपर्यंत नवं बांधकाम करता येत नाही, पुढच्या 200 मीटरला परवानगी लागते. "दोन वर्षांत रीडेव्हलपमेंटला जाणार" या भरवशावर तिथे जादा पैसे मोजू नका.

कोथरूडबद्दल थोडक्यात सांगतो, कारण तिथे सांगण्यासारखं कमी आणि जगण्यासारखं जास्त आहे. इमारतीखाली खांबांमधलं स्टिल्ट पार्किंग, रॅम्प, सकाळी वेताळ टेकडी. आणि मेट्रो. वनाज ते गरवारे कॉलेज 2022च्या मार्चमध्ये सुरू झाली, पुढे डेक्कनपर्यंत आली, आणि पेठ माझ्यासाठी पुन्हा जवळ झाली. आयडियल कॉलनीहून तिसरं स्टेशन डेक्कन. उतरून पूल ओलांडला की नारायण पेठ. पेठेलाही 2024च्या सप्टेंबरपासून मंडईचं स्टेशन मिळालंय, पण त्याने पार्किंगचा प्रश्न सुटत नाही.

दोघंच असाल, गुडघे धड असतील, संध्याकाळी घरात पाय ठरत नसेल, तर पेठ. घरात पाळणा किंवा व्हीलचेअर असेल तर कोथरूड, मेट्रोपासून चालत दहा मिनिटांच्या आतलं. त्यापलीकडचं घेऊन मग "गावात" राहतो म्हणू नये.

आमचा पेठेतला फ्लॅट विकला नाही, भाड्याने दिलाय. विसर्जनाच्या दिवशी भाडेकरू तान्ह्या मुलीला घेऊन कोथरूडला आमच्याकडे झोपायला येतो, आणि आम्ही त्याच्या गॅलरीत.