स्टिकरखालची 'सावली' दाखवून आम्हाला असं लुटलं

मालवणजवळच्या देवबागला आमची पर्यटकांना फिरवायची फायबरची बोट आहे. दादा ती चालवतो, बुकिंग आणि हिशेब मी बघते. बोट दुसऱ्याकडून घेतलेली, त्यामुळे तिच्या दोन्ही अंगांना आधीच्या मालकाने लावलेली एका रिसॉर्टची जाहिरात तशीच होती. स्टिकर उन्हाने तडकलेले, कडा सुटलेल्या, आणि आजूबाजूचा निळा रंग विटून पांढुरका पडलेला. पावसाळ्यात जलपर्यटन बंद असतं, बोट वर ओढलेली असते, तेव्हाच अशी कामं उरकावी लागतात. सप्टेंबरच्या आत बोट नवीकोरी करून देतो, असं सांगत ऑगस्टमध्ये तिघे जण व्हॅन घेऊन वाडीत आले. त्यांनी केलं ते सविस्तर लिहिते, कारण तीच युक्ती कुठल्याही जुन्या फायबर बोटीवर चालते.

आधी त्यांनी नाळेजवळची, म्हणजे बोटीच्या पुढच्या टोकाजवळची, हातभर जागा निवडली, एक स्प्रे मारला, फडकं फिरवलं. ती जागा आरशासारखी चमकायला लागली. मरीन सिरॅमिक कोटिंग म्हणे, तीन वर्षं हात लावायला नको. स्टिकर काढणं, पॉलिश आणि कोटिंग असे 14 हजार ठरले, निम्मे आगाऊ. तो स्प्रे म्हणजे साधं सिलिकॉन होतं. विटलेल्या फायबरवर पाणी मारलं तरी ओलं असेपर्यंत रंग खुलतो. सिलिकॉनने तेच होतं, फक्त एक-दोन धुण्यांपर्यंत टिकतं. शिवाय सिलिकॉन लागलेल्या जागी पुढे कुठलाही रंग नीट धरत नाही.

खरा डाव दुसऱ्या दिवशी टाकला. हीट गनने पहिली दोन अक्षरं सोडवली आणि त्यांच्यातला म्होरक्या दादाला हाक मारून म्हणाला, "भाऊ, हे बघा. सावली आत उतरलीय. जेलकोट मेलाय, खालचं फायबर कुजायला लागलंय. नुसतं पॉलिश करून दिलं आणि उद्या पाणी आत आलं तर जबाबदार कोण?" स्टिकर निघाला तिथे रिसॉर्टच्या नावातली अक्षरं गडद निळ्या रंगात स्पष्ट वाचता येत होती. बोटीत रोज लोकांची पोरंबाळं बसतात. असं ऐकल्यावर कुठला तांडेल (बोट चालवणारा) पॉलिशवर भागवेल? काम 14 हजारांवरून 46 हजारांवर गेलं. 'इम्पोर्टेड जेलकोट' आणायचा म्हणून त्यातले 25 हजार लगेच घेतले.

आता त्या 'सावली'बद्दल. फायबर बोटीचा सगळ्यात वरचा रंगीत थर म्हणजे जेलकोट. त्याची जाडी साधारण अर्धा मिलिमीटर, त्याखाली रेझिनमध्ये भिजवलेली काचेची मॅट. ऊन आणि खारं वारं खाऊन जेलकोटच्या अगदी वरच्या पापुद्र्याची खडूसारखी भुकटी होते. स्टिकरखाली ऊन पोचत नाही, म्हणून तिथला रंग मूळचा राहतो. म्हणजे ती गडद अक्षरं हाच बोटीचा निरोगी भाग होता! काळं फडकं घासून बघा: पांढरी भुकटी लागली आणि पाणी मारल्यावर रंग परत खुलला, तर जेलकोट बहुतेक वेळा जिवंतच असतो. कुजण्याचा त्या सावलीशी काहीही संबंध नाही.

पैसे हातात पडल्यावर हीट गन व्हॅनमध्ये गेली आणि ग्राइंडर बाहेर आला. उरलेले स्टिकर त्यांनी सरळ डिस्कने खरवडले. मेरिटाइम बोर्डाच्या नोंदणीचा नंबरही त्यात गेला, तो पुढे आम्हाला नव्याने लिहून घ्यावा लागला. अर्ध्या मिलिमीटरच्या थरावर ग्राइंडर किती वेळ टिकणार? जागोजागी मॅटचे धागे उघडे पडले. त्यावर गाड्यांची पुट्टी थापली, तीही भर पावसाळ्याच्या दमट हवेत, फायबर सुकू न देता. मग निळा स्प्रे मारला. डबा परदेशी लेबलचा होता, पण माल व्हॅनच्या आडच बादलीत ओतून आणायचे.

त्या बादलीतच खरं काय ते दिसत होतं. सकाळी 'हार्डनर घालून' कालवलेला माल संध्याकाळीही पातळच होता, ब्रश बुडवला की थेंब गळत होते. जेलकोटमध्ये हार्डनर पडला की पंधरा-वीस मिनिटांत तो थिजायला लागतो, भांडं गरम होतं. म्हणून कारागीर एका वेळी थोडाच कालवतात. वासही वेगळा. रेझिनचा उग्र वास डोक्यात जातो. आमच्या शेडमध्ये येत होता तो गॅरेजमधल्या थिनरचा.

बोट मात्र चकचकीत दिसत होती. उरलेले पैसे घेऊन, कोऱ्या कागदावर पावती लिहून ते गेले. बोट पाण्यात उतरल्यावर काही दिवसांतच रंगाला फोड आले, मग पापुद्रे सुटले, आणि पुट्टी पाणी पिऊन फुगली. फोन बंद. मालवणातल्या जुन्या फायबर कारागिराला बोलावलं तर त्याने अंगठ्याने एक पापुद्रा उचलला आणि पहिला प्रश्न विचारला, "ह्येका ग्राइंडर कोणी लावल्यान?" सगळी पुट्टी काढून, बोट सुकवून, मॅट आणि जेलकोट नव्याने करावा लागला. ऐन दिवाळीत बोट शेडमध्ये उभी होती. या लोकांचा मला सगळ्यात जास्त राग येतो तो यासाठी: पैशांसाठी त्यांनी धडधाकट बोटीचं कवच सोलून काढलं.

हेच काम कसं व्हायला हवं होतं, ते त्या कारागिराने नंतर सांगितलं. हेअर ड्रायरनेही चालतं. स्टिकर कोमट करायचा, कडेपासून प्लॅस्टिकच्या पट्टीने हळूहळू सोलायचा. लोखंडी पाती नको. चिकटलेला गोंद टर्पेंटाइनने मऊ करून पुसायचा. सावली उरतेच, ती हजार नंबरच्या वॉटर पेपरने, मग दीड हजार, दोन हजार अशी पाण्यात घासत आजूबाजूच्या रंगात मिळवायची, नंतर रबिंग कंपाउंड, पॉलिश आणि शेवटी वॅक्स. मेहनत खूप, सामान स्वस्त. सावली पूर्ण जात नसेल तर तिच्यावर आपलं नवं नाव लावून टाकायचं.

कुणी नमुना चमकवून दाखवला तर ती जागा त्याच्यासमोर साबणाने धुवा आणि अ‍ॅसिटोनच्या फडक्याने एकदा पुसा. नुसती सिलिकॉनची चमक असेल तर ती बहुतेक उतरते. जेलकोटचा डबा आपल्यासमोर फोडायला लावा आणि कालवलेला माल थिजतो का ते बघा.

आम्ही पोलिसांत तक्रार दिली आहे. फसवणुकीला आता भारतीय न्याय संहितेचं कलम 318 लागतं. ग्राहक हेल्पलाइनचा नंबर 1915. व्यवहाराचे मेसेज आणि कामाच्या आधीचे फोटो जपून ठेवा, आमच्याकडे बुकिंगसाठी काढलेले जुने फोटो होते तेच कामाला आले.

जाताना ते तिघे पुढे हर्णे आणि अलिबागकडे कामं आहेत असं बोलत होते. तुमच्या बंदरावर कुणी जुन्या स्टिकरखालची सावली दाखवून फायबर कुजल्याचं सांगायला लागला, तर ग्राइंडर सुरू होण्याआधी काम थांबवा आणि ओळखीच्या फायबर कारागिराला बोट दाखवा.