पुनर्विकासाआधीचा सेस्मिक सर्व्हे: घेण्यासारखा आहे, पण रंगीत नकाशावर सही करू नका

मुंबईच्या पश्चिम उपनगरात रेल्वेमार्गाजवळच्या एका सोसायटीच्या प्लॉटवर झालेल्या सेस्मिक सर्व्हेचा हा आढावा. या सर्व्हेत जमिनीला ठोका देतात आणि त्याच्या लहरी किती वेळात कुठे पोहोचतात त्यावरून खालचे थर ओळखतात. एजन्सीचं नाव देत नाही. मागणी साधी होती: पाषाण किती खोल आहे, वर भराव आणि खाडीचा गाळ किती, आणि ते प्लॉटभर सारखं आहे का? बोअर, म्हणजे तपासणीसाठी मारलेलं भोक, फक्त स्वतःच्या जागेचं सांगतो. दोन बोअरच्या मधलं सांगायला हा सर्व्हे लागतो आणि तेवढ्यासाठी तो पैसे वसूल करून देतो.

सामान योग्य होतं. लहरी नोंदवणारा २४ चॅनलचा सेस्मोग्राफ, जमिनीची थरथर टिपणारे ४.५ हर्ट्झचे उभे जिओफोन, ८ किलोचा घण आणि खाली जाड धातूची प्लेट. जिओफोन एका रांगेत दर २ मीटरवर, म्हणजे लाइन ४६ मीटरची. लाइनच्या साधारण चौथ्या-पाचव्या हिश्शाएवढ्या खोलीपर्यंत रिफ्रॅक्शन (कठीण थरावरून वळून परत येणाऱ्या लहरींच्या वेळेवरून खोली काढणं) भरवशाचं असतं. इथे ते १० मीटरच्या आसपास. कुणी याच लाइनवर ३० मीटरचं चित्र काढून दिलं तर खालचा भाग सॉफ्टवेअरने भरलेला आहे असं समजा.

१९०८ साली जर्मनीतल्या गटिंगेनला भूभौतिकशास्त्रज्ञ लुडगर मिंट्रॉप यांनी जमीन हलवण्यासाठी ४ टनांचा पोलादी गोळा १४ मीटरवरून सोडला होता. आज ८ किलोच्या घणावर भागतं, कारण ठोके एकावर एक रचता येतात. ४ ठोक्यांऐवजी १६ मारले की गोंगाटाच्या तुलनेत सिग्नल दुप्पट ठळक होतो. मात्र हे फक्त विस्कळीत गोंगाटाला लागू. लोकल जात असताना मारलेला ठोका आधीचे चांगले ठोकेही बिघडवतो, तो तिथल्या तिथे रद्द करावा लागतो. या क्रूने ते नीट केलं. गाडी गेली, स्क्रीनवरच्या रेषा शांत झाल्या, मग ठोका. लोकल बंद असतात ते रात्री एक ते चारचे तास सर्वांत शांत, पण सोसायटीत त्या वेळी घण मारता येत नाही. उपाय पॅसिव्ह रेकॉर्डिंगचा: घण नाही, रस्त्याचीच कंपनं तासभर ऐकायची. त्यातून घणापेक्षा खोलचं कळतं. पण कंपनं लाइनला तिरकी येत असतील तर वेग खऱ्यापेक्षा जास्त दिसतो, म्हणून लाइन रस्त्याला समांतर हवी.

कमी पडलं ते जिओफोन बसवताना. अर्ध्या लाइनवर पेव्हर ब्लॉक होते आणि जिओफोन सपाट बैठकीवर थेट ब्लॉकवर ठेवले गेले. हलणारा ब्लॉक स्वतःच थरथरतो, आणि त्या जागेची रेषा शेजारच्या रेषांहून वेगळी, लांबलचक शेपटीसारखी दिसते. ब्लॉक उचलायचा, खालची वाळू बाजूला करायची, जिओफोनचा खिळा घट्ट मातीत उभा ठोकायचा. एका जागेला दोन-तीन मिनिटं लागतात, त्यासाठी कंटाळा करू नये.

दुसरी चूक ट्रिगरची, म्हणजे ठोक्याच्या क्षणी मोजणी सुरू करणाऱ्या स्विचची. घणाच्या दांड्याला चिकटपट्टीने बांधलेल्या स्विचची वायर मानेशी तुटत येते आणि सुरुवातीची वेळ एक-दोन मिलिसेकंद सरकते. तपासणी सोपी आहे: लाइनच्या या टोकाला ठोका मारून त्या टोकाला लागलेला वेळ आणि उलट दिशेचा वेळ जुळलाच पाहिजे. इथे एका लाइनवर जुळत नव्हता, तरी ती रिपोर्टात घेतली होती. विचारल्यावर पुन्हा मारून दिली, हे त्यांच्या बाजूने.

आता मुंबईच्या जमिनीचं. पाण्याने भरलेल्या मातीत पी-लहर (दाबाची लहर, रिफ्रॅक्शनमध्ये हीच मोजतात) सेकंदाला सुमारे १५०० मीटरने जाते, मग ती माती मऊ गाळ असो की ओला मुरूम. भरावाच्या जागी पाणी वरच लागतं, त्यामुळे रिफ्रॅक्शनमध्ये दोन्ही सारखेच दिसतात. गाळ पकडायचा तर कातर लहरीचा (आडवी हलवत जाणाऱ्या लहरीचा) वेग हवा, कारण ती पाण्यातून जात नाही. मऊ गाळात तो सेकंदाला शंभर-दीडशे मीटरवर येतो. त्यासाठी त्याच जिओफोनवर मास्व (MASW, अनेक जिओफोनवरून पृष्ठलहरींचं विश्लेषण) करावं. ही पद्धत १९९९ साली कॅन्सस भूवैज्ञानिक सर्वेक्षणातल्या संशोधकांनी मांडली. पृष्ठलहरींचा वेग वारंवारितेनुसार कसा बदलतो त्यावरून ती खालचा वेग काढते. मात्र एका लाइनचं उत्तर हे मधल्या बिंदूचं सरासरी उत्तर असतं आणि पाषाणाची कड त्यात पुसट होते. पाषाणाचा माथा रिफ्रॅक्शनवरून, गाळ मास्ववरून, असं दोन्ही एकत्र वाचायचं. या रिपोर्टात दोन्ही होतं, पण वेगवेगळ्या प्रकरणांत, एकमेकांशी न ताडलेलं.

सर्वांत मोठी तक्रार काळ्या पाषाणाबद्दल. रिपोर्टात ‘५००० मीटर प्रति सेकंद, ताजा बेसाल्ट’ लिहून खाली एकच गडद रंग भरला होता. मुंबईत बेसाल्टच्या खाली टफ (ज्वालामुखीच्या राखेचा खडक) किंवा ब्रेशियाचा (खडकाच्या तुकड्यांचा) नरम थर असू शकतो. वेगवान थरातून हळू थरात शिरणारी लहर खाली वाकते, त्या हद्दीवरून परत फिरून जिओफोनपर्यंत येत नाही. म्हणजे हा सर्व्हे तो थर दाखवूच शकत नाही, आणि त्याखाली पुन्हा कठीण थर असला तर त्याची खोली खऱ्यापेक्षा जास्त काढतो. पाइल (पायाचा खोल खांब) त्या बेसाल्टमध्ये रुतवायची असेल तर बेसाल्ट पार करून गेलेला निदान एक बोअर हवाच, कोअर रिकव्हरी (खडकाचा किती नमुना हाती आला) आणि आरक्यूडी (त्यातले किती तुकडे लांब आणि अखंड) या आकड्यांसह. हे वाक्य रिपोर्टात नव्हतं. ते एजन्सीने स्वतःहून लिहायला हवं होतं, कारण कमिटीतल्या कुणाला ते सुचणार नाही.

काम देताना करारातच लिहून घ्या: सेग-२ (SEG-2, सेस्मिक नोंदींचा प्रमाणित फॉरमॅट) फॉरमॅटमधल्या मूळ फाइल्स, प्रत्येक लाइनचा वेळ-अंतर आलेख, मॉडेल आणि मोजणीतला फरक मिलिसेकंदांत, आणि प्रत्येक लाइनवर किमान ७ ठिकाणी ठोके, त्यातले दोन लाइनच्या बाहेर. जुनी जमिनीखालची टाकी आणि विजेच्या केबलची जागा त्यांना आधीच दाखवा. टाकीवरून गेलेली लाइन वाया जाते आणि केबलजवळच्या जिओफोनवर ५० हर्ट्झचा गुणगुणाट चढतो. बोअर सर्व्हेनंतर मारा आणि जिथे दोन लाइनींचं उत्तर जुळत नाही तिथे पहिला घ्या.