लायका एम३ आणि ५० मिमीची एकच लेन्स

रेंजफाइंडर कॅमेरा, म्हणजे व्ह्यूफाइंडरमध्ये (पाहण्याच्या खिडकीत) दिसणाऱ्या दोन प्रतिमा एकमेकींवर जुळवून फोकस साधायचा कॅमेरा, निवडताना आधी लेन्स ठरवावी आणि मगच कॅमेरा घ्यावा, हे माझे मत लायका एम३ बरीच वर्षे वापरल्यानंतर पक्के झाले आहे. १९५४ साली आलेल्या या कॅमेऱ्याच्या व्ह्यूफाइंडरमध्ये दृश्य ०.९१ पट, म्हणजे जवळजवळ प्रत्यक्षाएवढेच दिसते. त्यामुळे दोन्ही डोळे उघडे ठेवून पाहता येते, आणि लेन्सची कडी फिरवताना मधल्या उजळ चौकोनातील समोरच्या माणसाच्या पापणीच्या दोन प्रतिमा सरकत सरकत एकमेकींवर बसतात, तो क्षण मला आजही सुखावतो. छायाचित्रात किती दृश्य येईल हे दाखवणाऱ्या चौकटी मात्र ५०, ९० आणि १३५ मिमीच्या लेन्सच्याच आहेत. ज्यांना ३५ मिमी हवी त्यांनी सरळ लायकाचाच एम२ घ्यावा. प्रकाशमापक हवा असेल तर १९८४ चा एम६ पाहावा.

जुनी लेन्स घेताना तिच्यातून टॉर्चचा प्रकाश आरपार सोडून पाहणे अत्यावश्यक आहे, कारण एका विक्रेत्याने ‘निर्दोष’ म्हणून दिलेल्या माझ्या पहिल्या लेन्सच्या आतल्या भिंगावर बुरशीचे धागे कोळिष्टकासारखे पसरलेले होते आणि उजेडाकडे तोंड करून काढलेले प्रत्येक छायाचित्र धुरकट येत होते. रेंजफाइंडरची जुळणीही दूरच्या खांबावर तपासावी. लेन्सचा फोकस अनंतावर, म्हणजे सर्वांत दूरच्या अंतरावर असताना दोन प्रतिमा एक होत नसतील, तर दुरुस्तीचा खर्च धरूनच किंमत ठरवावी.