बीएस-६ डिझेल आणि मालवाहू टेम्पो : चार वर्षांच्या वापरानंतर

१ एप्रिल २०२० पासून देशभर बीएस-६ (भारत स्टेज-६, म्हणजे वाहनांच्या प्रदूषणावरील सरकारी मानकांचा सहावा टप्पा) इंधन लागू झाले आणि डिझेलमधील गंधकाची मर्यादा दर दहा लाख भागांमागे ५० वरून १० भागांवर आली. बीएस-५ ची पायरी वगळून थेट पुढची गाठली, हा निर्णय मला फार मोलाचा वाटतो. हेच डिझेल गेली चार वर्षे मी नाशिक-मुंबई भाजीपाल्याच्या फेऱ्यांसाठी बीएस-६ टेम्पोत भरतो आहे.

फरक डोळ्यांना दिसतो. जुन्या टेम्पोच्या सायलेन्सरच्या तोंडात बोट फिरवले की काजळीचा तेलकट थर निघत असे. या टेम्पोत पांढरे फडके फिरवले तरी त्यावर जेमतेम करडी रेघ उमटते. कसारा घाट चढताना मागच्या दुचाकीस्वाराच्या तोंडावर काळा लोट जात नाही, याचे समाधान मोठे आहे. अर्थात, काजळी अडवून जाळणारा डीपीएफ फिल्टर हे काम करतो, पण गंधक जास्त असेल तर अशी यंत्रणा नीट चालत नाही. म्हणून इंधन आणि गाडी दोन्ही बदलणे भाग होते.

तक्रार एकच. महिनाभर शहरातच छोट्या फेऱ्या झाल्या, तेव्हा फिल्टर चोंदून डॅशबोर्डवरचा इशाऱ्याचा दिवा लागला आणि एका वर्कशॉपने तो बदलण्याचा महागडा सल्ला दिला. प्रत्यक्षात महामार्गावर अर्धा तास सलग वेगात चालवल्यावर फिल्टर तापून साठलेली काजळी जळाली आणि दिवा विझला. विक्रेत्याने हे गाडी देतानाच समजावून सांगायला हवे होते. लांब फेऱ्या असणाऱ्यांनी ही गाडी निःशंक घ्यावी. केवळ गल्लीबोळांत फिरणाऱ्यांनी सीएनजीचा विचार करावा.