लेकाच्या कानाच्या पडद्यामागे पाणी होतं, इथे आल्यावर कळलं

माझा लेक साडेपाच वर्षांचा. पावसाळा सुरू झाल्यापासून टीव्हीचा आवाज वाढवून बसायचा, तीनदा हाक मारावी लागायची, त्यात शाळेतनं बाईंचा निरोप आला की वर्गात लक्ष नसतं, मी रागावले पण त्याला, आता आठवलं की जीव कळवळतो. आधी जिथे दाखवायचो तिथे दर सर्दीला अँटिबायोटिक आणि कानात टाकायचे ड्रॉप्स, तीन कोर्स झाले, कानात बॅटरी मारून कुणी बघितलं नाही. मग शेजारच्या ताईंनी हे कान-नाक-घसावाले सांगितले.

डॉक्टरांनी आधी मळ काढला, मग बारीक कॅमेरा घेतला आणि पोरगं घाबरू नये म्हणून पहिल्यांदा माझाच कान स्क्रीनवर दाखवला. चांगला पडदा मोत्यासारखा करडा चमकतो. मग त्याचा बघितला तर पिवळट, आत ओढलेला, आणि मागे चक्क दोन बुडबुडे. मला रडूच आलं. नंतर टिम्पॅनोमेट्री केली, म्हणजे कानात रबराचं टोक लावून हवेचा दाब कमी-जास्त करतात, दुखत नाही, मिनिटभरात कागद हातात. ग्राफवर डोंगरासारखा उंचवटा यायला पाहिजे, याची दोन्ही कानांची रेघ सपाट, म्हणजे पडद्यामागे पाणी.

मला वाटलेलं अंघोळीचं पाणी गेलं असेल, पण तसं नाहीये. मधल्या कानापासून नाकाच्या मागे एक नळी जाते, युस्टेशियन ट्यूब, लहान मुलांची आखूड आणि जवळपास आडवी असते, सर्दीने सुजली किंवा नाकामागची अ‍ॅडेनॉइडची गाठ आड आली की कानात हवा पोचत नाही, आतली हवा शोषली जाते, पडदा आत खेचला जातो आणि अस्तरातून पाणी पाझरत राहतं. दुखत नाही म्हणून घरच्यांना कळतच नाही. घरात सिगारेट कोण ओढतं विचारलं, हे गॅलरीत ओढतात, तेही बंद करा म्हणाले आणि यांनी केलं.

सासूबाईंनी लसणाच्या कोमट तेलाचं विचारलं, तर न चिडता म्हणाले, "आजी, तेल पडद्याच्या अलीकडेच राहतं, पाणी पलीकडे आहे, आणि पडद्याला भोक असलं तर तेल आत जाऊन कान वाहायला लागेल."

सगळ्यात मोठी गोष्ट, ऑपरेशनची घाई केली नाही. बऱ्याच मुलांचं तीनेक महिन्यांत आपोआप जातं म्हणाले, अँटिबायोटिक बंद केलं, नाकाने फुगा फुगवायचा व्यायाम दिला आणि पहिल्या बाकावर बसवा अशी शाळेला चिठ्ठी दिली. नाहीच गेलं आणि ऐकू कमीच राहिलं तर ग्रोमेट, म्हणजे पडद्यात बसवायची इवलीशी नळी, ती बहुतेकदा ६ ते १२ महिन्यांत आपली आपण पडते. गेल्या आठवड्यात परत ग्राफ काढला, उजव्या कानाचा डोंगर आला! डाव्यात दाब अजून कमी आहे, सहा आठवड्यांनी बोलावलंय.

वेटिंग मात्र फार, नंबर लावूनही दीड तास बसलो, लहान मुलं कंटाळून रडतात, याचं काहीतरी करायला हवं. ऑडिओमेट्री, म्हणजे किती ऐकू येतं त्याची तपासणी, रोज नसते, फोन करून जा. आणि जुने कागद सगळे न्या, ते पहिल्या पानापासून वाचतात.