पाऱ्याचं बीपी मशीन : बत्तीस वर्षांच्या वापरानंतर

घरात बीपी बघायला पाऱ्याचं यंत्र घेऊ नका. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे 'घ्यावं की नको' एवढंच विचारायला आलेल्यांचा खोळंबा नको. आता उरलेल्यांसाठी.

आमच्याकडचं यंत्र डायमंडचं, पुण्यात बनलेलं. अप्पांनी ते १९९१ साली दवाखान्यासाठी घेतलं. अप्पा म्हणजे माझे वडील. चिपळूणच्या बाजारपेठेत १९६६ पासून जनरल प्रॅक्टिस, खाली दवाखाना, वर घर. २०२३ च्या फेब्रुवारीत ते गेले, शहाऐंशीव्या वर्षी. कपाटं आवरताना भावाने स्टेथो घेतला, मी हे घेतलं. पत्र्याची करडी, लांबट पेटी. झाकण उघडून उभं केलं की त्याच्या आतच काचेची नळी आणि शून्य ते ३०० ची पट्टी. पायाशी पाऱ्याची टाकी, तिला एक छोटा खटका.

बनावटीबद्दल एक शब्द वावगा बोलणार नाही. इतक्या वर्षांत नळी एकदाही बदलावी लागली नाही. रबराचं सामान मात्र रबराचंच, ते दर तीन-चार वर्षांनी बदलायचंच असतं. अप्पा रोज सकाळी दवाखाना झाडून झाला की पेटी उघडून पारा शून्यावर टेकलाय ना ते बघायचे. देवाला फूल वाहायच्या आधी हे. आणि बंद करताना पेटी टाकीच्या बाजूला कलती करायची, नळीतला सगळा पारा खाली उतरू द्यायचा, मग खटका लावायचा, मग झाकण. आम्हा भावंडांना यंत्राला हात लावायची मुभा नव्हती, पण कलती करायचं काम कधीकधी मिळायचं. पारा उतरताना नळीत जी चकचकीत रेघ आखडत जाते, ती बघायला आम्ही भांडायचो.

आता वापराबद्दल. हे यंत्र स्वतः काही सांगत नाही. कफ दंडाला गुंडाळायचा, फुगा दाबत जायचं, एका हाताची बोटं पेशंटच्या मनगटावर. नाडी लागेनाशी झाली की आणखी तीसेक वर न्यायचं, मग कोपराच्या खळगीत स्टेथो ठेवून हवा हळूहळू सोडायची, सेकंदाला दोन मिलिमीटर, त्याहून घाई नाही. पहिला ठोका ऐकू आला तो वरचा आकडा, ठोके ऐकू येईनासे झाले तो खालचा. कोरोटकॉफ नावाच्या रशियन डॉक्टरने १९०५ मध्ये सांगितलेली ही रीत. थोडक्यात, पट्टी यंत्राची आणि कान माणसाचे.

अप्पांकडे याच्या आधीच बराच वेळ जायचा. गुहागरकडून एसटीने येणारी एखादी आजी स्टँडपासून लगबगीने चालत आलेली असली तर तिला दहा मिनिटं बाकावर बसवून ठेवत. "डाक्टर, प्रेशर बघा, माझी गाडी जाईल." "गाडी जाईल म्हणून तर वाढलेलं असेल. बसा." मग आत बोलावून पाठ टेका, पाय जमिनीवर टेका, मांडी घालू नका, आणि आता एक अक्षर बोलायचं नाही. जन्मभर बोलत आलेल्या बायका त्या दोन मिनिटांत गप्प बसायच्या. एकदा झालं की थोडं थांबून पुन्हा. पहिलं रीडिंग भीतीचं, दुसरं तुमचं, असं ते म्हणायचे. दोन्हींच्या मधल्या वेळात मनगट हातातच असायचं, आणि खरं दुखणं पुष्कळदा तेव्हा बाहेर पडायचं: सून नीट बोलत नाही, मुंबईच्या लेकाचं पत्र नाही, गोळ्या परवडत नाहीत म्हणून एकाआड एक दिवस घेते. बीपी बघायचे वेगळे पैसे त्यांनी कधी घेतले नाहीत. आईला यावर मत होतं, पण ते इथे नको.

अजून एक गोष्ट, जी विकत घेणाऱ्याला कोणी सांगत नाही. या पट्टीवर खुणा दोन-दोन मिलिमीटरच्या असतात. त्यामुळे आकडा नेहमी समच यायला हवा. १३४, १३६, १३८. अप्पांच्या केसपेपरवर विषम आकडा सापडणं शक्य नव्हतं. पाऱ्याच्या यंत्रावर घेतलेलं १३५ कुणी लिहून पाठवलं की ते चष्म्यावरून बघत म्हणायचे, "हा पट्टी न बघता लिहितो." शून्याने संपणारे आकडे ओळीने दिसले तरी हेच.

सर्व्हिसिंगचा अनुभव मात्र वाईट. मागच्या वर्षी फुगा कडक झाला म्हणून पुण्यात एका दुरुस्तीवाल्याकडे दिलं. नाव लिहीत नाही. काम चोख केलं, शून्य बरोबर लावून दिलं, पैसेही वाजवी. पण कफ 'जुना झाला होता' म्हणून टाकून दिला आणि त्या जागी निळा, वेल्क्रोचा लावला. जुन्या कफाचं कापड आईने शिवलेलं होतं. मूळचं फाटलं तेव्हा तिने पांढऱ्या मांजरपाटाची लांब पट्टी कापून, रबरी पिशवीच्या मापाचा खिसा घालून, कडेने दुहेरी टीप मारून दिली होती. शेवट आत खोचायचा, वेल्क्रो नाही. दर पंधरा दिवसांनी पिशवी काढून कापड धुवायला जायचं, आणि गच्चीवरच्या दोरीवर आमच्या फ्रॉकांशेजारी वाळायचं. मी त्या माणसाला पोत्यात शोधायला लावलं. नाही मिळालं. त्याचीही चूक म्हणता येत नाही, सांगायचं मीच विसरले होते. तरी राग गेलेला नाही.

पूर. चिपळूणचे लोक विचारणारच. २००५ च्या जुलैत दवाखान्यात पाणी आलं तेव्हा यंत्र फळीवर होतं, वाचलं. २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठी नदी गावात शिरली तेव्हा अप्पा चौऱ्याऐंशीचे. दवाखाना बंद होऊन दीड वर्ष उलटून गेलेलं, पण सामान खालीच. पहाटे पाणी रस्त्यावर दिसताच ते एकटे खाली उतरले आणि ही पेटी छातीशी धरून वर आले. केसपेपर, टेबल, तपासायचा पलंग, सगळं चिखलात गेलं. आई अजून म्हणते की माझ्या पाटल्या काढायच्या आधी यांनी ते काढलं. अप्पांचं उत्तर, "पाटल्या सापडतील. पारा पाण्यात गेला तर कुणाच्या पोटात जाईल?"

तेव्हा पाऱ्याबद्दल. हा खरा दोष, आणि म्हणूनच पहिल्या ओळीत नको म्हटलं. पाऱ्याची वाफ विषारी असते. नळी फुटली तर मुलांना बाहेर काढा, खिडक्या उघडा, झाडू किंवा व्हॅक्यूम क्लीनर लावू नका. हातमोजे घालून जाड कागदाने थेंब एकत्र करा आणि घट्ट झाकणाच्या बाटलीत पाण्याखाली ठेवा. मोरीत ओतू नका. जपानच्या मिनामाता गावात पाऱ्यामुळे जी विषबाधा झाली त्यावरून २०१३ मध्ये आंतरराष्ट्रीय करार झाला, त्यात पाऱ्याची थर्मामीटरं आणि बीपीची यंत्रं थांबवायला २०२० ची मुदत घातली. भारतानेही २०१८ मध्ये तो मान्य केला. माझं यंत्र खटका लावून कपाटात आहे, लहान मुलांचे हात पोचणार नाहीत असं.

आईसाठी मी डिजिटल घेतलं. ते ठोके ऐकत नाही, कफमधल्या हवेची थरथर मोजून हिशोबाने आकडा काढतं. नाडी अनियमित असेल तर गडबडू शकतं, आणि कफ दंडाच्या मापाचा नसेल तर हमखास चुकतं. आईचा दंड आता बारीक झालाय, सोबत आलेला कफ सैल पडायचा, लहान मापाचा वेगळा मागवला. माप बघून घ्या, बाकी सगळं नंतर.

तिचं बीपी अप्पा दर रविवारी घ्यायचे, चहानंतर, मागच्या गॅलरीत. औषध कंपन्यांच्या फुकट डायऱ्यांत त्याची नोंद. डायऱ्या वरच्या मजल्यावर होत्या म्हणून राहिल्या. 'सौ. १३४/८२.' 'सौ. १४८/९०, रागावलेली, उद्या परत.' 'सौ. १३०/८०, माहेरून आल्यावर.' अशा सव्वीस डायऱ्या.

ऑगस्ट २०१९ पासून खालचा आकडाच नाही. १३६, तिरकी रेघ, आणि इंग्रजी पी. पुढच्या रविवारी तेच. मला वाटलं, वय झालं, विसरले असतील. भाची एमबीबीएसच्या शेवटच्या वर्षाला आहे, तिला दाखवलं. ती जरा वेळ बघत राहिली आणि म्हणाली, "मावशी, पी म्हणजे पल्पेशन. स्टेथोशिवाय, नुसत्या नाडीवर घेतलेलं. त्यात वरचाच कळतो." मग सगळं मागून जुळत गेलं. टीव्हीचा आवाज. फोन भावाकडे देणं. कानातलं यंत्र आणून दिलेलं, ते लावलं की स्टेथो बसत नाही म्हणून पेटीत ठेवलेलं. त्या दिवाळीत त्यांनी दवाखाना बंद केला तेव्हा गुडघे दुखतात म्हणाले होते. आम्ही गुडघ्यांसाठी तेल आणलं.

आईला तेव्हा कळलं होतं का, हे मी विचारलेलं नाही. शेवटच्या रविवारपर्यंत अप्पा स्टेथो गळ्यात घालूनच बसायचे, एवढं तिने आपणहून सांगितलं.

डिजिटलला पाचपैकी चार तारे. सोपं आहे, हलकं आहे, बटण दाबलं की झालं. एक तारा आईने कापला. परवा रविवारी चहा झाल्यावर तिचं बघितलं आणि आकडा मोठ्याने वाचला. तिने डोळे उघडले.

"एकशे सदतीस? असं कसं येईल? नीट बघ गं, छत्तीस की अडतीस?"